मतदार यादी : आधी मोजा, मग फवारा



तालुक्याच्या बैठकीत कापसाच्या भावावरची चर्चा संपली, चहा आला, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "भाऊ, बाहेरच्या देशातले लोक इथं मतदान करतात म्हणे. मग आपल्या मताला किंमत काय राहिली?" विचारणारा बहुधा पंचविशीतला पोरगा असतो. त्याच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेले चित्र असते. मागे बसलेला म्हातारा मान डोलावतो. आणि बैठक उठल्यावर तोच म्हातारा मला बाजूला घेऊन सांगतो की गेल्या निवडणुकीत त्याच्या सुनेचे नाव यादीत सापडलेच नाही, बिचारी दोनदा केंद्रावर जाऊन परत आली.

पहिल्या प्रश्नावर सगळी बैठक तापते. दुसरी गोष्ट कानात सांगितली जाते. हे उलटे आहे, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आधी संघटनेची भूमिका आडपडदा न ठेवता सांगतो, म्हणजे कुणी पदरचे काही घालायला नको. जो या देशाचा नागरिक नाही त्याने इथे मतदान करता कामा नये. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने मताचा हक्क नागरिकाला दिला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १६ म्हणते की नागरिक नसलेल्याचे नाव यादीत येऊ शकत नाही, आणि नंतर अपात्र ठरला तर ते ताबडतोब काढले पाहिजे. खोटे लिहून नाव घालणाऱ्याला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. विलायतेत राहणाऱ्या आपल्या भारतीय नागरिकांना तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते, कारण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना त्यांच्या कायद्याने तो हक्क ठेवला आहे. तो त्यांचा कायदा झाला. आपला तसा नाही, आणि तसा असावा अशी आमची मागणीही नाही.

तेव्हा तत्त्वावर वाद नाही. वाद आहे तो रोग किती, कुठे, आणि औषध कुणाच्या अंगावर मारायचे याचा.

सापळ्यात पतंग किती?

शेतीशास्त्र शिकताना आमच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली गेली होती. तिचे नाव आर्थिक नुकसानीची पातळी. शेतात एक अळी दिसली म्हणून पंप पाठीला लावायचा नसतो. कामगंध सापळे टांगायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभर फुला-बोंडांत दहा किडकी निघाली, तर औषध. नाहीतर पैसा गेला, मित्रकीटक मेले आणि अळी पुढच्या वर्षी जास्त निबर होऊन आली. औषधविक्रेत्याला मात्र मोजणी नको असते. तो म्हणतो, शेजाऱ्याने फवारले, तुम्हीही फवारा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कापूस पिकवणाऱ्या कुणाला सांगायला नको. अळी राहिली बाजूला, फवारणारी माणसे मेली. कुणाच्या घरी कोण गेले ते आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

आता यादीतल्या परक्या मतदाराला हाच प्रश्न लावू. सापळ्यात पतंग किती सापडले?

निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी बिहारमध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. आदेशात कारणे दिली होती: शहरीकरण, स्थलांतर, नवे मतदार, न कळवलेले मृत्यू आणि बेकायदा परकीयांची नावे. मोहिमेच्या सुरुवातीला यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा ७ कोटी २४ लाख उरली. ६५ लाख नावे गळाली. आयोगाने त्याचा हिशेब दिला तो असा: मेलेले २२ लाख, कायमचे बाहेर गेलेले किंवा पत्त्यावर न सापडलेले ३६ लाख, दोन ठिकाणी नाव असलेले ७ लाख. बेरीज करून पाहा. ६५ लाख पुरे होतात. परकीय हा रकानाच त्या हिशेबात नाही. ३० सप्टेंबरला अंतिम यादी लागली, ७ कोटी ४२ लाखांची. मधल्या काळात आणखी ३ लाख ६६ हजार नावे कमी झाली आणि साडेएकवीस लाखांवर नावे नव्याने आली. यादी जाहीर झाली त्या दिवशीही परकीय म्हणून किती जण निघाले हा आकडा आयोगाने सांगितला नाही.

ज्या रोगाचे नाव सांगून गाव वेठीला धरले त्या रोगाची मोजणीच लोकांपुढे ठेवली नाही. कृषी विद्यापीठात असा प्रबंध कुणी दिला असता तर मार्गदर्शकाने तो तोंडावर फेकला असता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. २२ लाख मेलेली माणसे यादीतून निघाली हे चांगले झाले. ती निघायलाच हवी होती, आणि त्यासाठी जिवंत माणसाकडे बापाच्या जन्माचा पुरावा मागायची गरज नव्हती.

कुणी म्हणेल, बिहारचे सोडा, आसामचे बोला. बोलू. आसामचा प्रश्न खरा होता, आणि तो मतदार यादीतूनच पेटला. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीसाठी यादी तपासताना परकीयांच्या नावांवर हजारो हरकती आल्या. त्यातून सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले, शेकडो माणसे मेली आणि १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. पण पुढे औषध कसे मारले ते पाहा. १९९७ मध्ये आयोगाच्या माणसांनी घरोघर फिरून दोन लाखांहून अधिक नावांपुढे 'डी' हे अक्षर लिहिले. डी म्हणजे संशयित. हे अक्षर लागले की मत बंद, आणि न्यायाधिकरणापुढे स्वतःला भारतीय सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर. कितीकांची वर्षे तारखांत गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली नागरिक नोंदवही झाली. ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले, बाराशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ माणसे बाहेर राहिली. बाहेर कोण राहिले? एकाच घरातला बाप आत, पोरगी बाहेर. हिंदू बाहेर, मुसलमान बाहेर, गोरखा बाहेर, आदिवासी बाहेर. राज्य सरकारनेच ती यादी मानायला नकार दिला. त्याच वर्षी, तीस वर्षे फौजेत काढून निवृत्त झालेल्या एका माणसाला न्यायाधिकरणाने परकीय ठरवून छावणीत टाकले. गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडवले. फौजीजवळ कागद असतात. त्याची ही गत, तर कोरडवाहू शेतमजुराची काय होईल?

आणि परका मतदार पाहायचाच असेल तर आपल्या शेजारी गोव्यात पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने तिकडचे नागरिकत्व मिळवता येते. अनेकांनी ते घेतले. आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की भारताचे संपते. पण गावच्या यादीतले नाव आपोआप कुठे संपते? ते तिथेच राहते आणि तो कायद्याने परका मतदार होतो. हा माणूस रात्री नदी पोहून आलेला नाही. त्याचे घर तिथे आहे, आजीची कबर तिथे आहे. त्याच्याविरुद्ध सभा गाजवता येत नाही, म्हणून त्याचे चित्र तुमच्या मोबाईलवर येत नाही.

खरी कीड

आमच्या घरची गोष्ट सांगतो. वडील वारले. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, सातबाऱ्यावर वारसांचा फेरफार चढला, बँकेने तर सुतक फिटायच्या आत कर्ज कुणाच्या नावावर करायचे ते विचारले. मतदार यादीत मात्र वडील तीन निवडणुका जिवंत होते. शेवटी नमुना ७ भरून मीच त्यांना दुसऱ्यांदा अग्नी दिला.

जन्ममृत्यूची वही ग्रामसेवकाकडे आणि मतदार यादी तहसिलीत. दोन्ही सरकारचीच, मधे अंतर दहा-वीस किलोमीटर. २०२५ च्या मे महिन्यात आयोगाने जाहीर केले की मृत्यूच्या नोंदी आता निबंधकांकडून थेट यादीसाठी घेतल्या जातील. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. त्र्याहत्तर वर्षांनी सुचले. आता सुचले ते नेटाने करा, एवढेच म्हणणे आहे.

मेलेल्या माणसाचे नाव म्हणजे बांध फुटलेली जागा. तिथून कुणीही घुसवता येतो. पण त्याहून वाईट कीड म्हणजे यादीच चोरणे, आणि ती आपल्या कापसाच्या मुलखात येऊन गेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात, विधानसभेच्या निवडणुकीआधी, १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या सतरा दिवसांत नव्या नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. तपासले तर त्यातले ६,८६१ खोटे निघाले. पत्त्यावर माणूस नाही, कुठे माणूसच अस्तित्वात नाही, कुठे फोटो नाही. ते नाकारले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हे पकडले कसे? यंत्राने नव्हे. गावोगावचे बीएलओ पत्ते शोधत गेले म्हणून पकडले.

त्याचीच उलटी बाजू सोलापूरच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात दिसली. अक्कलकोट-उमरग्याला लागून असलेला हा ज्वारी-तुरीचाच मुलूख. २०२३ च्या विधानसभेपूर्वी तिथे नावे काढून टाकण्याचे ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले. ज्यांच्या नावाने अर्ज होते त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. घरोघर तपासले तेव्हा खरे निघाले २४. बाकी ५,९९४ जण आपापल्या घरी, आपापल्या शेतावर होते. कळले तेही योगायोगाने: एका बीएलओ बाईंच्या घरातल्याच माणसाचे नाव काढायचा अर्ज त्यांच्यापुढे आला. ती नावे वाचली, गुन्हा नोंदला गेला. बाईंच्या घरचे नाव त्यात नसते तर?

या दोन्ही ठिकाणी परदेशी कुणी नव्हता. घुसखोरी झाली ती आपल्याच देशातून, घरबसल्या, बोटाने.

कागद कुणाच्या पेटीत आहे?

बिहारमध्ये सुरुवातीला अकरा कागदांची यादी दिली गेली. जन्मदाखला, पासपोर्ट, मॅट्रिकचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, सरकारी नोकराचे किंवा निवृत्तिवेतनाचे ओळखपत्र, वनहक्काचा दाखला, सरकारने दिलेल्या जमिनीचा वा घराचा कागद, असे. त्या अकरांत आधार नव्हते, रेशनकार्ड नव्हते, रोजगार हमीचे जॉबकार्ड नव्हते आणि खुद्द आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते. सातबाराही नव्हता. ज्या कागदावर शेतसारा घेतला, कर्ज वसूल केले, जप्तीची नोटीस चिकटवली, तो कागद मत मागायला गेल्यावर कामाचा नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याने स्वतःबरोबर आईचा किंवा बापाचा कागद द्यायचा, २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याने दोघांचाही. ज्यांची नावे २००३ च्या यादीत होती त्यांना यातून सूट होती. न्यायालयात भांडण गेल्यावर ८ सप्टेंबर २०२५ रोजी आधार हा बारावा कागद झाला, तोही ओळखीपुरता, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. वगळलेल्या ६५ लाखांची नावे कारणासह लोकांपुढे ठेवा, हेसुद्धा १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. सांगितले नसते तर कुणाचे नाव का गेले ते त्याला कळलेच नसते.

ही अकरा कागदांची यादी आपल्या घराला लावून पाहा. घरातला शिकलेला मुलगा निभावेल. त्याची आई नाही निभावणार. तिचा जन्म बाळंतपणाला गेलेल्या आजोळी झाला, कोतवाल बुकात नोंद असेल तर असेल. शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर नावही बदलले आणि आडनावही. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आपण बायकांच्या नावे जमीन करा म्हणून गावोगाव हिंडलो, तेव्हा कुणी हसले होते. आज कळेल की कागद नसलेली बाई घरात असून नसल्यासारखी का असते. बिहारमध्येही शेवटच्या हिशेबात पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त घटली. बायका काही परदेशातून जास्त आल्या नव्हत्या.

जन्मदाखल्यावर फार विसंबू नका. उशिराच्या नोंदीचे दाखले ज्यांना अधिकार नव्हता अशा अधिकाऱ्यांनी दिले म्हणून २०२५ मध्ये आपल्याच राज्य सरकारने असे हजारो दाखले रद्दबातल ठरवले. त्यात खोटे असतील, ते जरूर रद्द करा. पण सही चुकली साहेबाची आणि हेलपाटे घालायचे ते दाखला घेणाऱ्याने, हा न्याय आपल्या चांगला परिचयाचा आहे. सातबाऱ्यावर तलाठ्याने क्षेत्र चुकीचे टाकले तर दुरुस्तीचा अर्ज शेतकऱ्याने करायचा, तारखाही त्यानेच घालायच्या.

आता हंगामाचे बघा. बिहारमध्ये अर्ज भरायचा काळ २५ जून ते २६ जुलै होता. त्या दिवसांत तिथला मजूर भातलावणीला पंजाबात असतो. दुसरी फेरी बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, गोवा हे आपले शेजारी त्यात होते. त्या फेरीत अर्जाबरोबर कागद मागितले नाहीत, जुन्या यादीत स्वतःचे किंवा नातेवाइकाचे नाव दाखवायला सांगितले. थोडे शहाणपण आले म्हणायचे. पण नोव्हेंबरात बीड, जालना, परभणीकडे जाऊन पाहा. वस्त्या ओस असतात. कोयते कारखान्यांवर गेलेले असतात, घरी म्हातारी आणि शेळी. २०२४ चे विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून. ऊसतोडीच्या फडातून मतदानाला परत यायला उचल देणारा मुकादम गाडी देतो का? ज्या दिवशी ही पडताळणी आपल्या दारात येईल त्या दिवशी दाराला कुलूप असले, तर बीएलओ काय लिहील? "पत्त्यावर आढळले नाहीत." बिहारच्या ३६ लाखांत असे किती असतील याचा विचार करा.

कायदा असे म्हणत नाही. १९५० च्याच कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही असे नाही. फौजीला टपालाने मत देता येते, काश्मीरच्या विस्थापितांसाठी जम्मू-दिल्लीत केंद्रे उघडतात. ते योग्यच आहे. मग सहा महिने साखर कारखान्याच्या दारात पाल ठोकून राहणाऱ्या लाखो माणसांसाठी तिथे एक पेटी का ठेवता येत नाही? आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरच्या मतदानाचे यंत्र पक्षांना दाखवायला बोलावले होते. पक्षांनी शंका काढल्या आणि गोष्ट थंडावली. कोयत्याच्या मताची घाई कुणालाच नव्हती.

संशय घेणाऱ्याने पुरावा द्यावा

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन खटल्यात निकाल दिला. दिल्ली आणि मुंबईच्या वस्त्यांत पोलिसांच्या सांगण्यावरून हजारो मतदारांना परकीय असल्याच्या नोटिसा गेल्या होत्या. न्यायालयाने म्हटले की ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्या गोष्टीला वजन दिले पाहिजे. काढायचे तर नोटीस द्या, संशयाला आधार काय ते सांगा, त्याचे म्हणणे ऐका, तो देईल तो पुरावा बघा. तीस वर्षांपूर्वीचा हा निकाल साधा शेतकरीही समजू शकतो. वहिवाट पन्नास वर्षांची असेल तर हरकत घेणाऱ्याने कागद दाखवावा.

एका परक्याचे नाव यादीत राहिले तर ते वाईट. एका नागरिकाचे नाव गेले तर तेही तेवढेच वाईट, कारण मताचा हिशेब दोन्हीकडून सारखाच बिघडतो. पहिल्या चुकीसाठी देशभर आरडाओरड. दुसऱ्या चुकीसाठी काय? कायद्यात कलम ३२ आहे. यादीच्या कामात कर्तव्य मोडणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. पण खाली बारीक अक्षरात लिहिले आहे की आयोगाने किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालयाने दखल घ्यायची नाही. म्हणजे ज्याचे नाव गेले त्याने फक्त पुन्हा अर्ज करायचा.

पक्षांवर विसंबाल तर फसाल. एक बाजू घुसखोर म्हणून ओरडते, दुसरी मतचोरी म्हणून. लोकसभा ते विधानसभा या २०२४ च्या थोड्या महिन्यांत महाराष्ट्राच्या यादीत निव्वळ चाळीस लाखांच्या आसपास नावे वाढली. हरलेल्यांना ते मतमोजणीनंतर दिसले. प्रारूप यादी चावडीवर लागली होती तेव्हा तुमचे कार्यकर्ते कुठे होते? बिहारमध्ये सर्व पक्षांचे मिळून एक लाख साठ हजार केंद्रस्तरीय प्रतिनिधी नोंदलेले होते. त्यांच्याकडून आलेले दावे-हरकती इतके मोजके की २२ ऑगस्टला खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. पक्षाला यादी नको असते, मुद्दा हवा असतो.

तेव्हा हे काम आपल्याला करायचे आहे, आणि ते आपल्याला येते. ज्वारी उगवली की आपण काकरीतून चालत जातो. दाट झाली तिथे विरळणी, तुटाळ पडली तिथे नांग्या भरणे. घरात बसून कुणी विरळणी करत नाही.

यादी गावात वाचायची. सातबाऱ्याचे चावडी वाचन २०१७ मध्ये आपण केले, किती चुका निघाल्या ते आठवा. मतदार यादी ग्रामसभेत वाचण्याचे आयोगाचेही सांगणे असते. कागदावर ती वाचली जाते. आपण खरोखर वाचायची. एका केंद्राची यादी साधारण हजार नावांची, दोन संध्याकाळी पुरतात. प्रत्येक नावापुढे खूण करायची: वारले, लग्न होऊन गेली, सून म्हणून आली पण नाव नाही, कायमचे गेले, हंगामी गेले, दोनदा आहे. शेवटी काही नावे अशी उरतील की गावात कुणालाच ती माहीत नाहीत. परका असेल, बनावट असेल, तर तो तिथेच सापडेल.

पण इथे सावध राहा. गावाला माहीत नाही म्हणजे माणूस नाही असे नव्हे. गावकुसाबाहेरच्या पालावरचा पारधी, वीटभट्टीवरचे कुटुंब, तांड्यावरची नवी सून, यांना गाव ओळखून न ओळखल्यासारखे करते. भाऊबंदकीचा राग नमुना ७ वर काढणारेही आपल्यातच आहेत. म्हणून गावाने फक्त खूण करायची. नाव काढायचे ते नोटीस आणि सुनावणी होऊनच, आणि पालावर जाऊन विचारल्याशिवाय ती खूणसुद्धा करायची नाही. वाचनाला बायकांना बसवा. कोण कुणाची सून आणि कुणाचे माहेर कुठले हे पुरुषांना सांगता येत नाही.

सुटलेल्यांचा नमुना ६, वारलेल्यांचा ७, दुरुस्तीचा आणि गाव बदललेल्यांचा ८. प्रत्येकाची पोच घ्या, पोचेशिवाय अर्ज म्हणजे न टाकलेले बी. मतदार नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील, तिथेही नाही झाले तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. मतदानाच्या दिवशी कुणी तुमच्या नावावर मत टाकून गेले असेल तर गुपचूप घरी जाऊ नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत एरवी मोजले जात नाही, पण चोरी झाली याची सरकारी नोंद होते.

ऊसतोडीला, पुण्या-सुरतेला जाणाऱ्यांची वेगळी वही प्रत्येक शाखेने आजपासून ठेवावी. नाव, केंद्र, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, परत केव्हा. दाराला कुलूप पाहून बीएलओ परत निघाला की ती वही त्याच्यापुढे धरायची आणि कलम २० दाखवायचे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या यादीची प्रत आणावी, खुणा केलेली. त्या म्हाताऱ्याच्या सुनेचा नमुना ६ मी भरून घेतला आहे. तिची पोच अजून मिळालेली नाही. बैठकीआधी तहसिलीत जाऊन ती घेऊन येतो.